टीव्ही घ्या, पण वायफायचा पासवर्ड त्याला देऊ नका

पत्र :
नमस्कार दादा,
मी लग्नानंतर पुण्यात असते. आई-बाबा दोघंच बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या एका गावात राहतात. जुना टीव्ही यंदाच्या पावसात गेला. भाऊ बेळगावात असतो, तो ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेऊया म्हणतोय. आईला दाखवायला दुकानात नेलं, तर टीव्हीनं आधी ई-मेल मागितला, मग तुम्ही कुठं राहता ते, मग आवाजाची परवानगी, आणि शेवटी इंग्रजीत एक लांबलचक पान, खाली ‘सहमत’. आई म्हणाली, “हा टीव्ही काय काय इचारूलालाय, मला नको.” भाऊ म्हणतो आता सगळे असेच असतात, सहमत दाबायचं आणि पुढं जायचं. मला ते पटत नाही. आई संध्याकाळी मराठी मालिका बघते, दुपारी एक कन्नड मालिका. बाबांना सह्याद्रीच्या बातम्या आणि यूट्यूबवरची कीर्तनं लागतात. शिवाय गावच्या नाटकांच्या आणि लक्ष्मीच्या यात्रेच्या सीडींचा त्यांचा एक डबा आहे, त्या लावायचं यंत्रही बिघडलंय. घरात भावानं वायफाय घेऊन दिलंय. आईला झेपेल आणि घरातलं काही बाहेर जाणार नाही, अशी एखादी सोय आहे का?
– एक लेक, पुणे

उत्तर :
ताई,

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात : आईला झेपावं, आणि घरातलं बाहेर जाऊ नये. मला या दोन्ही एकच वाटतात. स्मार्ट टीव्ही उघडला की पहिल्या पानावर जी गर्दी दिसते, जाहिराती, शिफारशी, कधी न मागितलेले कार्यक्रम, ती आईंच्या सोयीसाठी मांडलेली नसते. घरात काय बघितलं जातं ते कळावं आणि त्यावरून पुढं काही विकता यावं, म्हणून ती तिथं असते. नाव, ठिकाण, आवाज हे सगळं विचारलं जातं तेही बरंचसं त्याचसाठी. ही गर्दी बाजूला केली की रिमोट आपोआप सोपा होतो. आई घाबरल्या असं भावाला वाटलं असेल. मला तर त्यांनी नेमकी दुखरी जागा ओळखली असं वाटतं.

माझं उत्तर असं : भावाला टीव्ही घेऊ द्या, स्मार्ट असला तरी हरकत नाही, पण त्या टीव्हीला घरच्या वायफायचा पासवर्ड कधीही देऊ नका. टीव्ही हा नुसता पडदा राहू दे. मालिका डीटीएचच्या साध्या बॉक्सवरून, कीर्तनं एखाद्या जुन्या लॅपटॉपवरून आणि बाबांची नाटकं पेन ड्राइव्हवरून.

भाऊ विचारेल, एवढं काय बिघडतंय? म्हणून जरा खोलात जातो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ नावाची सोय असते, तिला एसीआर म्हणतात. पडद्यावर चाललेल्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने टीव्ही थोड्या थोड्या वेळानं घेतो आणि नेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथं मोठ्या साठ्याशी ते जुळवून बघतात, आणि या घरात या वेळी अमुक कार्यक्रम चालू होता अशी नोंद होते. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून, लोकांना नीट न सांगता, सेकंदासेकंदाची अशी माहिती गोळा केली होती. २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं आणि न्यू जर्सी राज्यानं लावलेल्या दाव्यात २२ लाख डॉलर भरून तिला तडजोड करावी लागली.

यातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट सांगतो. आम्ही तर फक्त डिशच बघतो, टीव्हीतलं यूट्यूबसुद्धा लावत नाही, मग आमचं काय कळणार, असं पुष्कळ जणांना वाटतं. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून बाहेर जाणारी माहिती तपासली. एचडीएमआय वायरनं बाहेरचं यंत्र जोडून टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला, तरी एसीआर चालूच राहत होतं. म्हणजे नेट जोडलेलं असेल तर डिशवरून लावलेली मालिकाही सुटत नाही आणि तुम्ही जोडलेल्या लॅपटॉपवरचे घरचे व्हिडिओही सुटत नाहीत. त्याच अभ्यासात दुसरी एक दिलाशाची गोष्ट निघाली : सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी काढून घेतली की ते पाठवणं थांबत होतं. पण ती सेटिंग शोधायची कुणी? आईंनी? त्यापेक्षा नेटच न देणं सोपं आणि पक्कं.

आता दुकानातलं. २४ आणि ३२ इंचांत साधे, स्मार्ट नसलेले एलईडी टीव्ही अजून मिळतात. दुकानदार ते सहसा पुढं करत नाहीत, मागावे लागतात. आई-बाबांची बसायची जागा टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर असेल तर ३२ इंची साधा टीव्ही त्यांना पुरेल, आणि मी तरी तोच घेईन. सीडीवरचं चित्र मुळात लहान असतं, ते ४३ इंचांवर ताणलं की फिस्कटलेलं दिसतं, हेही आहे. भावाला मोठाच हवा असेल तर त्या मापात बहुतेक सगळे स्मार्टच मिळतील. मग गूगल टीव्हीवाला असेल तर पहिल्यांदा चालू करताना ‘बेसिक टीव्ही’ असा पर्याय येतो, तो निवडायचा. त्यात गूगलचं खातं लागत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रकारचा असेल तर दुकानातच विचारा : नेट न जोडता हा पहिल्या पानाच्या पुढं जातो का? आणि चालू केला की थेट एचडीएमआयवर, म्हणजे बॉक्सच्या चित्रावर येतो का? ही दोन उत्तरं समोर चालवून बघून घ्या, तोंडी हमीवर घेऊ नका. एचडीएमआयची भोकं निदान दोन हवीत, एक डिशला आणि एक लॅपटॉपला.

बसवायला माणूस येईल त्या दिवशी भावानं गावी असायला हवं, हे मी आग्रहानं सांगतो. तो माणूस घाईत असतो. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो, दिसेल तिथं ‘सहमत’ दाबतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. त्याची तक्रार नाही, त्याला दिवसभरात आणखी घरं असतात. पण ज्या पानावर आई अडल्या, तेच पान तो आईंच्या वतीनं मान्य करून जातो. वॉरंटीसाठी मोबाइल नंबर लागला तर तो पावतीवर द्या, टीव्हीत भरू नका. नंतर कधी सुट्टीला आलेल्या नातवंडांनी टीव्हीला वायफाय जोडलंच तर? राउटरच्या, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमध्ये त्या एका टीव्हीला कायमचं अडवून ठेवता येतं, तेही भावानं त्याच दिवशी करून टाकावं.

त्या इंग्रजी पानाबद्दल आणखी थोडं. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात म्हटलंय की संमती मोकळेपणानं आणि समजून दिलेली असावी, आणि माहितीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय असावी. मराठीही त्या अनुसूचीत आहे आणि कन्नडही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र संमतीची कलमं टप्प्यानं लागू व्हायची आहेत. तेव्हा आज दुकानात भांडून उपयोग नाही. पण न समजलेल्या पानावर सही करायला आईंनी नकार दिला, तो हट्ट नव्हता. हे कायद्याच्याही मनात आहे, एवढं भावाला जरूर सांगा.

मालिकांकडे वळू. साध्या डीटीएच बॉक्सची एक चांगली गोष्ट अशी की तिथं वाहतूक एकाच बाजूची असते. उपग्रहावरून छत्रीवर येतं, छत्रीतून उलट काही जात नाही. तुम्ही कुठल्या चॅनलचे पैसे भरता ते कंपनीला माहीत असतं, पण किती वाजता काय लावलं हे सांगायला त्या बॉक्सकडे वाटच नसते. म्हणूनच ‘थोडे जास्त भरा, अँड्रॉइडवाला बॉक्स देतो, त्यात सगळे ॲप येतात’ असं एजंट म्हणाला तर नको म्हणा. तो बॉक्स नेटला जोडला की टीव्हीतून काढलेली कटकट मागच्या दारानं परत आत येते.

नुसत्या बातम्याच बघायच्या असत्या तर मी डीडी फ्री डिश सुचवली असती. २००४ पासून चालू असलेली ही प्रसार भारतीची सेवा आहे, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही, नाव-गाव कुणाला द्यायचं नाही. सह्याद्री त्यावर आहे, दूरदर्शनचं कन्नड चॅनल चंदनाही आहे. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी ही पैशांची चॅनल, ती त्यावर मिळत नाहीत, आणि आईंची संध्याकाळची मालिका बंद करून खाजगीपणा राखायचा असं मी कधीच सांगणार नाही. तेव्हा पैशांचं डीटीएच घ्या. पत्ता कर्नाटकातला दिसला की एजंट कन्नड पॅक लावून मोकळा होतो आणि मराठीचे पैसे वर लावतो, असं आपल्याकडे सर्रास चालतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत चॅनल सुटे निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. आईंची मराठी चॅनल, त्यांचं एक कन्नड चॅनल, बाबांच्या बातम्या, अशी यादी कागदावर लिहा आणि तेवढंच घ्या. बटणं दाबताना आईंनाही तेवढंच शोधावं लागेल.

छत्री बसवताना झाडांकडे बघा. फ्री डिशचा उपग्रह आपल्या भागातून आग्नेयेला बराच वर दिसतो, इतर कंपन्यांच्या छत्रीची दिशा बसवणारा सांगेल. त्या बाजूला फणसाची किंवा आंब्याची फांदी आडवी असेल तर उन्हाळ्यात चांगला येणारा सिग्नल पावसाळ्यात पानं भिजली की जातो. जांबोटी भागात जोराची सर आली की तसाही थोडा वेळ पडदा कोरा होणारच. ते बिघडलं म्हणून बाबांनी गच्चीवर चढू नये, सर ओसरली की येतं.

रिमोटचं म्हणाल तर आईंच्या हातात फक्त डीटीएचचा रिमोट द्या. बऱ्याच डीटीएच रिमोटना टीव्हीचं चालू-बंद बटण शिकवता येतं, ते बसवणाऱ्याकडून करून घ्या. टीव्हीचा स्वतःचा रिमोट कपाटात.

कीर्तनांचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण तिथं नेट लागतंच. बाबा मोबाइलवर बघत असतील तर तेच मोठ्या पडद्यावर कसं आणायचं? मोबाइलवरून बिनवायरीनं टीव्हीवर टाकायचं तर बहुतेक वेळा टीव्हीलाही वायफायवर घ्यावं लागतं, म्हणून ते नको. मोबाइलला एचडीएमआयची वायर लावायची म्हणाल तर ते काही ठरावीक मोबाइलवरच चालतं, स्वस्तातल्या बहुतेकांवर नाही. वायर विकत घेण्याआधी मोबाइलची माहिती बघा, नाहीतर पैसे वाया जातात. सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे घरात पडून असलेला जुना लॅपटॉप. त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका, फायरफॉक्स ब्राउझर ठेवा, त्यात यूब्लॉक ओरिजिन बसवा म्हणजे मधल्या जाहिराती बऱ्याच थांबतात, आणि यूट्यूब खात्यात न शिरता उघडा. बाबांच्या आवडत्या कीर्तनकारांची पानं बुकमार्क करून ठेवा. नेट लॅपटॉपला आहे, टीव्हीला नाही. यूट्यूबला एखादं कीर्तन बघितलं गेलं हे कळेल, पण त्यामागे बाबांचं खातं आणि फोन नंबर नसेल. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा लॅपटॉपला बॅटरी असते, तो एकदम बंद पडून बिघडत नाही, हाही फायदा.

पुढं कधी आई-बाबांना नेटफ्लिक्स किंवा प्राइमसारखं काही बघावंसं वाटलं तर हेही ठाऊक असू द्या की लिनक्सच्या लॅपटॉपवर त्यांचं चित्र पूर्ण स्पष्टतेनं मिळत नाही. ते मंजूर केलेल्या यंत्रांनाच चांगलं चित्र देतात. तेव्हा टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची एक स्वतंत्र स्ट्रीमिंग स्टिक घेऊन, बघायच्या वेळीच लावायची, असं करता येईल. टीव्हीला मात्र तेव्हाही नेट द्यायचं नाही.

एका वस्तूपासून कटाक्षानं लांब राहा : ‘सगळी चॅनल, सगळे सिनेमे कायमचे फुकट’ म्हणून ऑनलाइन मिळणारे बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स. यातल्या अनेकांत घातक सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून आलेलं सापडलंय. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं अशा यंत्रांबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात अशा बाधित यंत्रांच्या जाळ्याचं नाव बॅडबॉक्स २.० असं होतं. हे बॉक्स घरचं नेट गुन्हेगारांना वापरू देतात, म्हणजे उद्योग दुसऱ्याचा आणि पत्ता तुमच्या बाबांचा. स्मार्ट टीव्हीपेक्षा हे कितीतरी वाईट.

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर कोडी हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो चुकीचा नाही. कोडी मोफत आहे, स्वतःच्या फाइली दाखवताना कुणाला काही कळवत नाही, आणि एचडीएमआयच्या सीईसी सोयीमुळं टीव्हीच्याच रिमोटवर चालतो. तुमच्या पुण्याच्या घरी जरूर करा. पण गावी, दोघंच असताना, नको. त्याचं मेमरी कार्ड अचानक लाइट गेल्यावर बिघडू शकतं, आणि ते दुरुस्त करायला कुणी शेजारी नसेल तर आठवडाभर पडदा काळा.

ज्यांच्या घरी स्मार्ट टीव्ही आधीच आलाय त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण हे उत्तर तेही वाचत असतील. वायफाय ‘विसरून जा’ करा. तेवढं जमत नसेल तर सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ शोधून बंद करा, आणि अपडेट आल्यावर ते परत चालू झालंय का ते बघत राहा.

आता बाबांच्या डब्याकडे येतो. ताई, टीव्ही पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल, हे काम आधी करा. त्या काळच्या सीडी घरी, दुकानात लिहिलेल्या असतात, त्या वर्षागणिक खराब होतात, आणि दमट हवेत लवकर. गावच्या नाटकाची दुसरी प्रत कुठं मिळणार? यूएसबीनं जोडायचा एक डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाचा तरी मागून आणा. सीडी विंडोज असलेल्या लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घातली (लिनक्सवर ही फाइल अशी साधी कॉपी होत नाही) की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात डॅट प्रकारची मोठी फाइल असते, तेच ते नाटक. ती फाइल तशीच लॅपटॉपवर कॉपी करा. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती चालते. टीव्हीला मात्र ती ओळखू येईलच असं नाही, म्हणून हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरनं तिची एमपी४ करून घ्या. एखादी सीडी मध्येच अडली तर मऊ कापडानं आतून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं.

एका सीडीवरची फाइल फार तर ८०० एमबीच्या आसपास असते, तेव्हा ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर अख्खा डबा बसेल. टीव्हीत देवनागरी नावं कधी कधी नुसते चौकोन होऊन दिसतात, म्हणून दुकानात टीव्ही घेतानाच असा एक पेन ड्राइव्ह लावून बघा. नाव दिसत नसेल तर फाइलींना नुसते आकडे द्या आणि कुठल्या आकड्याला काय, ते बाबांकडून वहीत लिहून घ्या. तसंही ते लिहून घ्याच : कुठलं नाटक, कुठल्या वर्षी, राजा कोण झालं होतं, पेटीवर कोण होतं, यात्रेत पुढं गाडा ओढणारे कोण. सीडीवर हे कुठंच नसतं आणि तुमच्या भावाला ते सांगता येणार नाही. एक प्रत गावी, एक भावाकडे बेळगावात, एक तुमच्याकडे. डबा मात्र रिकामा झाला तरी टाकू नका, मूळ सीडी तशाच जपून ठेवा, न वाचलेल्या एखाद्या सीडीसाठी पुढं चांगला ड्राइव्ह मिळू शकतो.